पांगलेली गर्दी

दुकानात गिऱ्हाईक येतं, वस्तू हातात घेऊन बघतं, भाव ठरवतं, "बांधून ठेवा, संध्याकाळी येतो" म्हणतं आणि येत नाही. दुकानदार दोन दिवस वाट बघतो आणि वस्तू पुन्हा फळीवर ठेवतो. उद्याचं गिऱ्हाईक उद्या येणारच होतं, त्याला कालच्या गिऱ्हाइकाची खबरही नसते. ऑनलाइन लिलावात बोली जिंकून पैसे न भरणारा माणूस वरवर पाहता असाच वागतो. म्हणून विकणाऱ्याने तक्रार केली की ऐकणारा सहज विचारतो, "वस्तू तुमच्याकडेच आहे ना? मग गेलं काय?"

या प्रश्नाचं उत्तर सावकाश शोधायला हवं असं मला फार दिवस वाटत आलं आहे. कारण काहीतरी निश्चित जातं. विकणाऱ्याला ते जाणवतं, पण सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून तो पैशांवरून भांडतो, आणि पैशांच्या भांडणात तो बहुतेक वेळा हरतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका बाईंना वडिलांचं फेवर ल्युबाचं चावीचं घड्याळ विकायचं आहे. किंमत किती सांगावी हे त्यांना माहीत नाही. लिलाव याचसाठी असतो. ज्या वस्तूचा भाव कुणालाच ठाऊक नाही, तिचा भाव चार माणसांच्या तोंडून काढून घ्यायचा. बाई ईबेसारख्या एका संकेतस्थळावर घड्याळाचे फोटो टाकतात, सात दिवसांची मुदत देतात, हजार रुपयांपासून सुरुवात करतात. तीन माणसं मनापासून उतरतात. इंदूरकर चार हजारांपर्यंत जायला तयार आहेत, सांगलीकर सहा हजारांपर्यंत, नागपूरकर नऊ हजारांपर्यंत. रविवारी रात्री मुदत संपते आणि घड्याळ नागपूरकरांच्या नावावर पडतं, सहा हजार शंभरला.

नऊ हजारांना का नाही? इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या वांध्याची मुळी इथेच आहे. ईबेसारख्या ठिकाणी बोली लावणारा आपली कमाल रक्कम यंत्राला सांगून ठेवतो, आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतंच चढत जातं. सांगलीकरांनी सहा हजार म्हटले, तर नागपूरकरांना त्यावर एक पायरी चढावी लागते, एवढंच. म्हणजे जिंकणाऱ्याची किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या बोलीवरून. अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये या जातीच्या लिलावाचं गणित मांडलं होतं, आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यामागे ते काम होतं. त्या गणिताचं सार असं, की भाव दुसऱ्याच्या बोलीवर ठरत असेल तर प्रत्येकाने आपल्या मनातला खरा आकडा सांगण्यातच त्याचं हित असतं. चलाखी करून हाती काही लागत नाही. मला ही रचना फार देखणी वाटते. तिच्यात जिंकणारा जी किंमत देतो, ती हरलेल्या माणसाची साक्ष असते.

आता नागपूरकर पैसेच भरत नाहीत असं धरा. सोमवारी बाईंनी निरोप पाठवला, उत्तर नाही. मंगळवारी पाठवला, उत्तर नाही. ईबेच्या नियमानुसार चार दिवस वाट बघून विकणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. शुक्रवारी बाई तो रद्द करतात. घड्याळ कपाटात आहे. मग गेलं काय?

अशा वेळी ईबेवर एक सोय असते. हरलेल्यांपैकी कुणाला 'दुसरी संधी' देऊ करता येते, त्याने स्वतः बोललेल्या सर्वात चढ्या रकमेला. बाई सांगलीकरांना लिहितात, "तुम्ही सहा हजार म्हणाला होतात, त्या रकमेला घड्याळ तुमचं." सांगलीकर जरा हिशोब करतात आणि लिहितात, "नागपूरचे गृहस्थ आलेच नसते, तर माझी झुंज इंदूरच्यांशी होती. ते चार हजारांवर थांबले होते. मला घड्याळ चार हजार शंभरला मिळालं असतं. जो माणूस खरा गिऱ्हाईक नव्हताच, त्याने चढवलेली किंमत मी का द्यायची?" बाई म्हणतात, "पण तुमच्या मनात सहा होते ना? तुम्हीच बोललात." सांगलीकर म्हणतात, "बोललो, पण तो भाव नव्हता, ती माझी मर्यादा होती." आणि त्यांच्या मनात एक शंका येते, ती ते सभ्यपणे लिहीत नाहीत. तो नागपूरकर बाईंचाच कुणी भाचा-पुतण्या तर नसेल? किंमत चढवायला बसवलेला?

दोघंही खरं बोलताहेत. बाईंनी काही लबाडी केलेली नाही, सांगलीकरांनीही नाही. पैसे न भरणारा तिसराच आहे, आणि तो या भांडणात नाहीच. त्याने आपलं मौन या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि निघून गेला.

बोली एकाची असते, पण ती लागते तेव्हा बाकीचे गप्प होतात, हे मला सांगायचं आहे. लिलाव म्हणजे माणसांना एकेक करून गप्प करत जाण्याची रीत. जो शेवटी बोलत उरतो, वस्तू त्याची. म्हणून जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत तर नुसता एक सौदा फसत नाही. ज्या माणसांना त्याने गप्प केलं होतं, ती तोवर पांगलेली असतात. सांगलीकरांनी तोवर दुसरं घड्याळ बघितलेलं असतं, इंदूरकरांनी ते पैसे दुसरीकडे खर्च केलेले असतात. दुकानदाराची फळी जागेवर असते. लिलावाला फळी नसते. सात दिवस जमवलेली गर्दी हेच त्याचं सगळं भांडवल, आणि न पाळलेली बोली ती गर्दी घेऊन जाते.

मराठीत बोली म्हणजे भाषा आणि बोली म्हणजे लिलावात पुकारलेली रक्कमही. जुन्या जाहिरातींतून 'सवाल बोलणे' असाही प्रयोग दिसतो, म्हणजे लिलावात रक्कम पुकारणे. सवाल हा शब्द मला अधिकच नेमका वाटतो. भर सभेत रक्कम बोलणारा बाकीच्यांना विचारत असतो, याहून पुढे कुणी आहे का? आणि त्यांचं गप्प बसणं हे त्या सवालाचं उत्तर असतं. लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'लेलांव'वरून आला. गोव्यात अजूनही देवळांत देवापुढच्या जिनसांची पावणी, म्हणजे लिलाव, होते, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या, मानशींवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर) मासे धरण्याचा हक्क पुकारून दिला जातो. तिथे गावच समोर बसलेलं असतं. पुकारणारा "एकवार, दोनवार, तीनवार" म्हणतो, आणि त्या तीन वारांच्या मधल्या वेळात तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत असतो. तीनवार झाल्यावर कुणी म्हणालं, मला नको, तर बाकीचे अजून उठलेले नसतात. पुकारा पुन्हा सुरू करता येतो. गर्दी पांगायच्या आत वांधा मिटतो.

वांधा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजारात तो रोजचा आहे. लासलगावसारख्या बाजार समितीत ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनावरून दुसऱ्या वाहनाकडे सरकत जातो, काही क्षणांत भाव पुकारला जातो, चिठ्ठी मिळते. मग शेतकरी ट्रॅक्टर घेऊन त्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे माल खाली होताना व्यापारी म्हणतो, वर चांगला माल होता, खाली बारीक गोलटी निघाली, या भावाने घेणार नाही. याला वांधा निघाला म्हणतात. समितीची माणसं मध्ये पडतात, भावात काही कमीजास्त करून तो मिटवतात. कधी व्यापाऱ्याचं म्हणणं खरं असतं, कधी बाजार दुपारनंतर उतरलेला असतो आणि त्याला सकाळचा भाव जड झालेला असतो. पण ज्या व्यापाऱ्यांनी सकाळी त्याच ट्रॅक्टरवर त्याच्या खालोखाल भाव बोलला होता, ते तोवर दहा वाहनं पुढे गेलेले असतात, त्यांची खरेदी झालेली असते. ट्रॅक्टरचं भाडं चढतंय, कांदा परत भरून घरी न्यायचा तर मजुरी अंगावर. म्हणून वांध्यात शेतकरी वाकतो. लिलावाच्या रांगेत त्याच्या बाजूने दहा माणसं बोलत होती, खळ्यावर तो एकटा आहे. व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि समिती समोर असते, तरी तिथेही एवढं घडतं. मग ज्या बाजारात कुणी कुणाला कधी पाहिलेलंच नाही, तिथे काय होत असेल?

ऑनलाइन लिलाव जन्मालाच अनोळखी लोकांसाठी आला. १९९५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला पिएर ओमिडयार यांनी कॅलिफोर्नियात सान होजेला ऑक्शनवेब सुरू केलं, त्याचंच पुढे ईबे झालं. पहिल्या विकलेल्या वस्तूंत एक मोडका लेझर पॉइंटर होता, तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. मोडका आहे हे सांगून विकला होता आणि घेणाऱ्याला मोडकाच हवा होता. आपल्याकडे २००० मध्ये बाझी सुरू झालं, २००४ मध्ये ईबेने ते घेतलं, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडिया बंद झालं. त्या काळात इथे पैसापे नावाची सोय होती. घेणाऱ्याचे पैसे मध्ये थांबवायचे, माल पोचला की विकणाऱ्याला सोडायचे. तिने घेणाऱ्याची भीती कमी केली. पण ज्याने पैसे भरलेच नाहीत त्याच्यापुढे ही सोय काय करणार? मधल्या तिजोरीत ठेवायला त्याच्याकडून काही आलेलंच नसतं.

एखाद्याने मनात आणलं तर बोलीचं हे गप्प करण्याचं बळ हत्यार म्हणूनही वापरता येतं. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिसला क्रिस्टीजच्या लिलावात फॅशन डिझायनर ईव्ह सॅं लोरां यांच्या संग्रहातली दोन ब्रॉंझची मुंडकी निघाली होती, एक उंदराचं, एक सशाचं. बीजिंगच्या जुन्या उन्हाळी राजवाड्यातून १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने केलेल्या लुटीतली. चीनचा त्या विक्रीला विरोध होता. फोनवरून बोली चढत गेली आणि दोन्ही मिळून, शुल्क धरून, तीन कोटी चौदा लाख युरोंच्या घरात जाऊन थांबली. काही दिवसांनी त्साय मिंगचाओ या चिनी संग्राहकाने पत्रकारांसमोर येऊन सांगितलं, की बोली मी लावली होती आणि मी पैसे देणार नाही. त्याला ती मुंडकी विकत घ्यायची नव्हती. ती दुसऱ्या कुणी घेऊ नयेत एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी एक रुपयाही न देता शेवटपर्यंत बोलत राहणं पुरेसं होतं. त्याच्या कारणाबद्दल सहानुभूती वाटू शकते, मलाही वाटते. २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मालक कुटुंबातल्या फ्रान्स्वा-ऑंरी पिनो यांनी ती मुंडकी चीनला देऊन टाकली, हे चांगलंच झालं. पण न पाळलेली बोली काय करू शकते हे त्या दिवसाइतकं उघडं क्वचित दिसलं असेल.

कायदा या सगळ्याकडे कसा बघतो? आपला मालविक्री अधिनियम १९३० चा. त्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दल आहे. हातोडा पडला, किंवा त्या बाजारात जी रीत असेल ती झाली, की विक्री पुरी. त्याआधी कुणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. हा नियम १७८९ च्या एका इंग्रजी खटल्यापर्यंत मागे जातो. दारू गाळण्याच्या सामानावर एकाने ४० पौंड बोलले आणि हातोडा पडायच्या आत माघार घेतली. न्यायालयाने ती मान्य केली. विकणाऱ्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकडून खोट्या बोल्या लावून भाव चढवला, तर घेणाऱ्याला ती विक्री मोडता येते, हेही त्याच कलमात आहे. सांगलीकरांच्या मनातल्या शंकेला कायद्यात अशी जागा आहे. आणि पैसे न मिळालेल्या विकणाऱ्यासाठी पुढचे हक्कही आहेत, माल अडवून ठेवणं, पूर्वसूचना देऊन दुसऱ्याला विकणं, भावातला फरक भरून मागणं. म्हणजे बाईंनी घड्याळ दुसऱ्याला पाच हजारांना विकलं, तर अकराशे रुपयांसाठी नागपूरकरांवर दावा लावता येईल. अकराशे रुपयांसाठी नागपूरला कोण जातं?

जर्मनीतल्या एका खटल्याने मला हा मुद्दा उलट बाजूने स्वच्छ दाखवला. एकाने जुनी फोक्सवागन पासाट ईबेवर ठेवली, सुरुवात एक युरोपासून. एका माणसाने ५५५ युरो ५५ सेंटची कमाल बोली नोंदवली. काही तासांतच विकणाऱ्याला बाहेर ४,२०० युरोंचं गिऱ्हाईक मिळालं आणि त्याने लिलाव मध्येच बंद केला. तेव्हा बोली लावणारा एकटाच होता, म्हणून भाव एक युरोच होता. त्याने दावा लावला, आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याला ५,२४९ युरो भरपाई मंजूर केली. गाडी ५,२५० ची, त्यातून त्याने द्यायचा एक युरो वजा. घेणाऱ्याचं नुकसान असं मोजता येतं, कारण त्याची हुकलेली वस्तू कुठेतरी आहे आणि तिला बाजारभाव आहे. पुण्याच्या बाईंचं नुकसान कुठल्या वजनाने मोजणार? पांगलेल्या गर्दीला बाजारभाव नसतो. म्हणून एकाच बाजारात, एकाच करारात, मोडणारा विकणारा पकडला जातो आणि मोडणारा घेणारा बहुधा सुटतो.

ईबेने आपल्या परीने उपाय केले. १९९६ च्या सुरुवातीलाच दोघांनी एकमेकांना शेरे देण्याची सोय आली, आणि अनोळखी माणसांमध्ये विश्वास कसा तयार होतो याचं ते फार मोठं उदाहरण ठरलं. मात्र वाईट शेरा दिला की समोरचाही उट्टं काढायला वाईट शेरा देई, म्हणून २००८ मध्ये विकणाऱ्यांचा घेणाऱ्यांना वाईट शेरा देण्याचा हक्क काढून घेतला गेला. तेव्हापासून पैसे न भरणाऱ्याबद्दल विकणारा फक्त नोंद करू शकतो, त्याला आपल्या पुढच्या लिलावातून वगळू शकतो आणि कंपनीने घेतलेलं शुल्क परत मिळवू शकतो. शुल्क परत देताना कंपनी जणू म्हणते, सौदा झाला नाही, म्हणजे काहीच झालं नाही. हे मला मान्य होत नाही. झालेलं असतं. सात दिवस चाललेला एक सवाल-जवाब खोटा ठरलेला असतो.

तंटे मिटवण्याची यंत्रणा तर याहून मोठी झाली. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन कॅट्श यांनी ईबेवरचे दोनशेच्या आसपास तंटे ईमेलवरून मध्यस्थी करून सोडवून पाहिले. त्यातून ऑनलाइन तंटानिवारण ही शाखाच उभी राहिली. पुढे ईबेवर वर्षाला सुमारे सहा कोटी तंटे हाताळले जात, आणि त्यांतले बहुसंख्य माणसाचा हात न लागता सॉफ्टवेअरच मिटवत असे. हे काम थोरच आहे. पण त्या टेबलाशी दोनच खुर्च्या असतात, एक घेणाऱ्याची, एक विकणाऱ्याची. सांगलीकरांना कुणी बोलावत नाही. ज्याच्या तोंडून किंमत आली, ज्याने बोललेला शब्द पाळला असता, तो या तंट्यात पक्षकारच नसतो.

पैसे न भरणाऱ्यांतले सगळे लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. कुणाचं एक शून्य जास्त पडतं. कुणाला टपालखर्च नंतर कळतो. कुणाचा पगार लांबतो, कुणाच्या घरी आजारपण येतं. विकणाराच कधी वर्णनात नसलेली गोष्ट नंतर सांगतो. आणि एक कारण लिलावाच्या पोटातच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तीन तेल-अभियंत्यांनी तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावाबद्दल लिहिताना ते दाखवलं, त्याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. ज्या क्षणी तुम्ही जिंकता, त्याच क्षणी तुम्हाला कळतं की या वस्तूला एवढं मोल देणारा इथे तुमच्याशिवाय एकही माणूस नाही. बाकीच्यांचं गप्प होणं, जे मघाशी विजय वाटत होतं, ते आता इशारा वाटू लागतं. रविवारी रात्री नागपूरकरांना झोप लागली नसेल, अशी मी कल्पना करू शकतो. सोमवारी बाईंचा निरोप आला तेव्हा त्यांना शरम वाटली असेल, म्हणून उत्तर दिलं नसेल. पण खरोखर अडलेल्या माणसाने रविवारी रात्रीच दोन ओळी लिहिल्या असत्या, "माफ करा, मला जमणार नाही", तर सांगलीकर अजून जागे होते, आणि बाईंना त्यांना गाठता आलं असतं. चार दिवसांच्या मौनाने जे होतं ते दोन ओळींनी होत नाही. म्हणून मला पैसे न भरण्यापेक्षाही न कळवणं मोठा अपराध वाटतो.

शब्दावर विसंबता येत नसेल तर बोलीच्या पाठीमागे पैसा ठेवायला लावा, हा जुनाच उपाय आहे. आपण त्याला इसार म्हणतो, बयाणा म्हणतो, सरकारी कागदावर अनामत. तो नसला तर काय होतं हे हिमाचल प्रदेशात २०२३ च्या फेब्रुवारीत दिसलं. एचपी ९९-९९९९ हा वाहन क्रमांक ऑनलाइन लिलावात निघाला, सुरुवात एक हजार रुपयांपासून, आणि एका स्कूटीसाठी म्हणून बोली एक कोटी बारा लाखांवर गेली. पैसे आले नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात हरियाणात एचआर ८८ बी ८८८८ हा क्रमांक एक कोटी सतरा लाखांना गेला. तिथे भाग घ्यायला अवघे ११ हजार भरावे लागत होते. मुदतीत पैसे आले नाहीत आणि ते ११ हजार जप्त झाले. बोलीच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी! एवढ्या इसारात माणूस कोटींची भाषा बोलू शकतो, आणि हजारांची खरी भाषा बोलणारे त्याच्यापुढे गप्प बसतात.

बँकांच्या तारण मालमत्तांच्या ई-लिलावात इसार याहून कितीतरी जड आहे. बोली मंजूर होताच पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेली पंधरा दिवसांत, मुदत वाढलीच तर फार तर तीन महिने. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. या जप्तीबद्दलचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सव्वाबारा कोटींची बोली, सुमारे तीन कोटी भरलेले, उरलेले भरले नाहीत. बँकेने सगळे तीन कोटी ठेवून घेतले, आणि पुढे ती मालमत्ता दुसऱ्या लिलावात आधीपेक्षा जास्त किमतीला गेली. मग बँकेचं नुकसान काय झालं? मद्रास उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं, की झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त ठेवून घेता येणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची जप्ती योग्य ठरवली. चढ्या बोल्या लावून मग मागे सरणाऱ्यांमुळे लिलावाची प्रक्रियाच पोकळ होते, हा त्या निकालातला विचार. निकाल कठोर आहे, आणि अडचणीत सापडलेल्या एखाद्या प्रामाणिक माणसाला तो फार लागेल. तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. कारण 'वस्तू तुमच्याकडेच आहे ना' या प्रश्नापाशी तो थांबला नाही. विकणाऱ्याला अखेर नफा झाला तरी लिलावाचं नुकसान झालेलं असतं, हे त्याने धरलं.

मात्र इसाराची एक किंमत आहे, आणि ती भरतात बोली न लावणारे. पुण्याच्या बाईंनी घड्याळासाठी दीड हजार रुपये आगाऊ मागितले असते, तर नागपूरकर आलेच नसते. पण इंदूरकरही आले नसते, कारण अनोळखी बाईंकडे आधी पैसे कोण ठेवणार? कदाचित सांगलीकर एकटे उरले असते, आणि एकट्याचा लिलाव होत नाही. हलका इसार गर्दी जमवतो आणि ती नंतर पांगते. जड इसार ती जमूच देत नाही. हल्ली बऱ्याच ठिकाणी बोली लावतानाच कार्ड जोडून ठेवायला सांगतात आणि मुदत संपताच पैसे आपोआप वळते होतात. त्याने मधला वेळच नाहीसा होतो. सगळ्यांत नीट उपाय मला हाच वाटतो, पण ज्यांच्याकडे कार्ड नाही, ज्यांना असं खातं जोडून ठेवायची भीती वाटते, त्यांना तो दाराबाहेरच ठेवतो. आणि जुनी घड्याळं, पोस्टाची तिकिटं, नाणी, ग्रामोफोनच्या तबकड्या जिवापाड जपणारे कितीतरी लोक असेच असतात.

बाईंनी घड्याळ पुढच्या रविवारी पुन्हा लिलावाला लावलं. तेच फोटो, तीच हजारांची सुरुवात. पहिल्या दोन दिवसांत कुणा नव्या माणसाने विचारलं, "गेल्या वेळी विकलं गेलं होतं ना? परत का आलं? काही बिघाड आहे का?" बाईंनी लिहिलं, घड्याळ चालू आहे, घेणाऱ्याने पैसे भरले नाहीत. लिहिताना त्यांना वाटलं, हे वाचणाऱ्याला सबब वाटेल. इंदूरकर या वेळी फिरकले नाहीत. सांगलीकर रोज येऊन बघत होते. गेल्या वेळचे सहा हजार त्यांनी पुन्हा यंत्राला सांगितले नाहीत. ते शेवटच्या दिवसाची वाट बघत राहिले, आणि रविवारी रात्री मुदत संपायला काही मिनिटं असताना त्यांनी अडीच हजार लिहिले.